शेवटची ओळ

"र, ग, प, म, त." मास्तरांनी एका डोळ्यावर तळहात धरून शेवटची ओळ घडाघडा म्हणून टाकली.

सिस्टरने मान वर केली. समोरच्या भिंतीवर नुसता खिळा होता. नव्या कॅमेऱ्यासाठी जागा करताना अक्षरांचा तक्ता तिने सकाळीच उतरवला होता. मास्तरांची बायको स्वतःच्या चपलांकडे बघत राहिली.

चाळीस वर्षं कपडे शिवणारा माणूस, मधुमेह बारा वर्षांचा. नजर गेली की कात्री गेली, आणि मग आपल्याला मास्तर कोण म्हणणार, ही त्यांची धास्ती. म्हणून आधीच्या तपासण्यांना रांगेतल्या पुढच्यांचं वाचन ऐकून त्यांनी ही ओळ पाठ केली होती. नातवंडांचे वाढदिवस विसरतील, ही ओळ नाही.

सिस्टर हसली नाही, हा तिचा मोठेपणा.

"आज वाचायचं नाही, मास्तर. हनुवटी इथे टेका, हिरव्या ठिपक्याकडे बघा."

"मग पास-नापास कोण ठरवणार?"

"डोळ्याच्या आतला फोटो निघतो. या कॉम्प्युटरने असे लाखो फोटो बघितलेत. तोच सांगतो."

"एआय म्हणतात ते?"

"तेच."

दोनदा लख्ख उजेड पडला. मास्तर चष्मा पुसेपर्यंत उत्तर आलंसुद्धा. सिस्टरने पडदा त्यांच्याकडे वळवून फोटो मोठा केला. केशरी गोलात नसांची जाळी होती, आणि जिथे जिथे रक्त झिरपलं होतं तिथे यंत्राने बारीक चौकटी आखल्या होत्या.

मास्तर पडद्याला नाक लावून बघत राहिले. कापड उजेडात धरून विरलेली जागा शोधण्यात त्यांचा जन्म गेला होता. हे काम त्यांना कळत होतं.

"कारागीर आहे," ते म्हणाले. "एक टाका सोडला नाही."

"वेळेत आलात. मधला भाग अजून शाबूत आहे. डॉक्टर आजच बघतील, लेझरने पुढचं थोपवता येतं."

मास्तरांनी सुस्कारा सोडला. बायको हळूच म्हणाली,

"अहो, वर्षभर सुया मीच ओवून ठेवतेय. तुम्ही आंघोळीला गेलात की."

"माहीत आहे."

"मग बोलला नाहीत कधी?"

"बोललो असतो तर कबूल करावं लागलं असतं."

सिस्टरने डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी पुढे केली. मास्तरांनी सवयीने ती डोळ्यांसमोर धरली, जवळ नेली, लांब नेली. मग बायकोच्या हातात दिली.

"तूच वाच. मला दिसत नाही."