पहिलं लोखंड पाण्यासाठी

थोरल्याचा राग नाकाच्या शेंड्यावर. भडकला की आग पाखडणार आणि चहाचा कप हातात येईपर्यंत सगळं विसरूनही जाणार. धाकट्याचं नेमकं उलटं. तो तोंडातून ब्र काढायचा नाही, पण एकदा मनाला लागलं की लागलंच. अशा दोन भावांचा एकच लोहारखाना, आणि दोघांच्या मधे वहिनी. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची आणि घरी निरोप पोचवायची, कारण हल्ली धाकटा दादाशी बोलत नव्हता.

झालं होतं एवढंच, की धाकट्याने भट्टीतून काढलेली लालभडक छिन्नी पाण्याच्या टाकीत बुडवली आणि ती तडकली. थोरल्याने गिऱ्हाइकांदेखत त्याची अक्कल काढली. आता त्यांच्याकडे वडिलांपासूनची रीत अशी, की टाकीचं पाणी बदललं की आधी मोडीतलं लोखंड लाल करून त्यात सोडायचं, पाणी कोमट होईपर्यंत. फार गार पाण्यात पोलाद तडकतं. त्या सकाळी पाणी थोरल्यानेच बदललं होतं आणि मोड सोडायची राहून गेली होती. हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा धाकटा घरात निघून गेला होता. मग थोरल्याने विषयच सोडून दिला. त्याच्या लेखी भांडण मिटलं.

धाकट्याच्या लेखी मिटलं नव्हतं. "वहिनी, सोमवारपासून मी दुसरीकडे कामाला जातोय," जेवून उठता उठता तो म्हणाला. "खोलीही बघून ठेवलीय."

ती लग्न होऊन घरात आली तेव्हा हा दीर तिच्या कमरेला लागत होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात प्रयोग होता. उकळत्या पाण्यातून काढलेला लोखंडी नट तिने पेल्यातल्या गार पाण्यात सोडला. नट बघता बघता निवला. पाण्याचा पारा मात्र जेमतेम दोन अंश चढला.

"बाई, मग बाकीची उष्णता गेली कुठे?" एका मुलीने विचारलं.

"कुठे जाणार? नटाने सोडली ती पाण्याने घेतली. लोखंड थोडक्या उष्णतेत तापतं आणि तसंच पटकन निवतं. पाण्याला तापायला पुष्कळ लागते, पण घेतलेली उष्णता ते सहजी सोडत नाही." बोलता बोलता फळ्यावरचा तिचा हात थांबला.

संध्याकाळी तिने नवऱ्याला गाठलं. "अहो, त्या छिन्नीचं काय झालं?"

"ती गोष्ट कधीच संपली. माझा राग तिथल्या तिथे उतरला."

"तुमचा उतरला. पण गेला कुठे? तो त्याच्याकडे आहे, सगळाच्या सगळा."

"झाली शाळा सुरू!" थोरला हसला.

"सोमवारी तो घर सोडून जातोय."

थोरल्याचं हसू मावळलं. त्या रात्री तो नीट जेवलाही नाही.

सोमवारी सकाळी धाकटा पिशवी घेऊन निघाला. बाहेरची वाट लोहारखान्यातूनच होती. थोरल्याने टाकी रिकामी करून ताजं पाणी भरलं होतं. भट्टीतला मोडीचा तुकडा त्याने उचलून पाण्यात सोडला.

"ती छिन्नी माझ्यामुळे तडकली," तो म्हणाला. "मोड सोडायची मी विसरलो आणि बोलणी तुला खावी लागली. चुकलं माझं."

धाकट्याने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. थोरल्याने पुन्हा तोंड उघडलं, तेवढ्यात दारातून वहिनीने त्याला डोळ्यांनी दटावलं. तो मुकाट्याने भट्टीकडे वळला. दुसरा तुकडा गेला, तिसरा गेला. या माणसाला गप्प राहणं किती जड जातंय ते तिला दिसत होतं, आणि आज तिला त्याची माया आली.

शेवटी धाकट्याने टाकीत बोटं बुडवली.

"अजून गारच आहे, दादा."

थोरल्याचे खांदे पडले. धाकट्याने पिशवी उघडली, आपली सांडशी बाहेर काढली आणि मोडीच्या ढिगातला सगळ्यात मोठा तुकडा भट्टीत सारला.

"तू एकटाच टाकत बसलास तर दुपार होईल," तो म्हणाला.