कोऱ्या डिस्कवरचं तेल

“काका, नव्या तर हायेत डिस्क. नव्याला काय धुवायचं?” निकितानं विचारलं.

बिभीषणनं ब्रेकच्या डिस्कवर पुन्हा साबणाचं गरम पाणी ओतलं. “गंज चढू न्हाई म्हणून कंपनी तेल लावती, पोरी. दिसत न्हाई ते. तसंच बसवलं तर पॅडमधी मुरतं. मग पाय कितीबी दाबा, गाडी सरकतच ऱ्हाती.”

शेवटचं वाक्य बोलताना त्याचा आवाज खाली गेला. लिंबाखाली खुर्चीवर निकिताचा बाप, बन्सी, बसला होता. तिसगावच्या या गॅरेजात तो अकरा वर्षांनी आला होता, तोही पोरीनं नोकरीवर जायला जुनी गाडी घेतली म्हणून. उजवा हात उपरण्याखाली. त्या हाताला आता अंगठा आणि एकच बोट उरलं होतं.

याच हातानं बन्सी पखवाज वाजवायचा. कीर्तनाला उभं राहताना बुवा आधी विचारायचे, बन्सी आला का? आणि बिभीषण टाळकऱ्यांत, बरोब्बर त्याच्या मागं.

अकरा वर्षांपूर्वी सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी बिभीषण बन्सीच्या गाडीला अशाच नव्या डिस्क बसवत होता. तेवढ्यात भोंग्यावर काल्याचं कीर्तन सुरू झालं. पखवाजाची पहिली थाप ऐकली आणि त्याचा जीव राहीना. साबणाची बादली भरलेली होती, ती तशीच राहिली. डिस्क न धुताच चढवल्या. देवाच्या दारी जायचं म्हणून स्वतःचे हात मात्र त्यानं स्वच्छ धुतले.

संध्याकाळी घाटातल्या वळणावर बन्सीची गाडी कठड्यावर गेली. सात रात्रींचा जागर, डोळा लागला असणार, असं लोक म्हणाले. बन्सीही तेच म्हणाला. बिभीषणनं दवाखान्यात त्याला मोसंबी सोलून भरवली, पण स्वतःची चूक सांगितली नाही. त्यानंतर टाळ हातात घेतला नाही. कीर्तन ऐकायचं ते गॅरेजच्या दारातून.

निकिता चहा सांगायला हॉटेलकडे गेली. बिभीषण पांढऱ्या फडक्यानं डिस्क पुसत होता.

“दाव रे,” बन्सी म्हणाला. डिस्क मांडीवर उभी धरून त्यानं नखानं टिचकी मारली. “आयला! टाळावानी वाजतीय की!” आणि तो मोकळा हसला.

ते हसणं बिभीषणला सोसलं नाही. तो त्याच्या पायाशी खालीच बसला.

“बन्सी, तुला झोप लागली न्हवती.”

मग त्यानं सगळं सांगितलं. बादलीपासून हात धुण्यापर्यंत.

बन्सीनं डिस्क मांडीवर आडवी ठेवली.

“म्हंजे म्या ब्रेक दाबला हुता?”

“व्हय.”

“येळंवर?”

“येळंवरच.”

“पोरीची आय म्हनायची, तुमच्या झोपंनं घर बुडवलं. मान खाली घालून ऐकलं म्या. मागल्या पोळ्याला गेली ती. तेच मनात धरून गेली रे.” त्यानं डोळ्यांना उपरणं लावलं. “तवाच बोलला असतास, तर दोन महिने तोंड बघितलं नसतं तुजं. मग आलोच असतो की. कुटं जानार हुतो?”

बिभीषणनं त्याच्या पायावर डोकं ठेवलं. बन्सीनं पाय मागं घेतले नाहीत, डोक्यावर हातही ठेवला नाही.

“ऊठ,” थोड्या वेळानं तो म्हणाला. “पोरीची गाडी हाय. अजून एक डाव पूस.”

बिभीषणनं पुसलं. फडकं पांढरंच राहिलं. ते त्यानं बन्सीला दाखवलं. बन्सीनं मान हलवली.

चहा आला आणि निवला. चाकं चढली. बिभीषणनं रस्त्यावर दोन फेऱ्या मारून ब्रेक तपासला. बन्सी उठला, गाडीला वळसा घालून ड्रायव्हरच्या दाराशी गेला. दोन बोटांनी दार धरून नुसता उभा राहिला.

“आबा, इकडं कुटं? तुमी तिकडून बसा ना,” निकिता म्हणाली.

“व्हय व्हय,” म्हणत तो परत फिरला आणि डाव्या बाजूला जाऊन बसला.

गतिरोधकाशी गाडीचे मागचे लाल दिवे लागले. गाडी जागच्या जागी थांबली, मग पुढं गेली. बिभीषण रस्त्यात उभा होता. हातातलं कोरडं फडकं तो अजून पिळत होता.