पाचोळ्याखालची धरणवाट

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. मी एक जुनी डांबरी वाट आहे. माझ्या कडा खचल्यात, मधूनमधून गिट्टी उघडी पडली आहे, हे मला ठाऊक आहे. पण गावापासून धरणापर्यंतचे दोन किलोमीटर, ऐन सागवनातून, मी एकही चढ न घेता जाते. इतकी साधी सपाट वाट आमच्या झाडीपट्टीत शोधून दाखवा बरं!

एक्क्याण्णव साली माझा जन्म झाला. त्याआधी मी नुसती बैलगाडीची चाकोरी होते. धरणाचं काम निघालं आणि गडचांदूरहून सिमेंट आणणारे ट्रक चिखलात रुतू लागले. मग मला खोदलं, पोटात मुरूम भरला, गिट्टी पसरली आणि वरून उकळतं डांबर ओतलं. काय भाजलं हो अंग! पण रोलर फिरून गेला आणि मी अशी काळीभोर, गुळगुळीत झाले, की नव्या डांबराला माती लागू नये म्हणून गावच्या बायका चपला हातात घेऊन चालायच्या.

माझी निगा रस्त्यावरचे सरकारी मजूर सोमाजी राखत. फागुन लागला की सागाची पानं पापडासारखी वाळून माझ्यावर पडत आणि सोमाजी रोज सकाळी खराट्याने ती झाडत. नव्याण्णव साली ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. धरण बांधून झालं होतं, मग वाटेला कोण विचारतो? गरज सरो नि वैद्य मरो. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू!

पुढे दोन हजार दोनच्या दिवाळीनंतर माझ्याकडे गफ्फारभाई येऊ लागले. सावली गावच्या बाजारात शिवणयंत्र मांडून बसणारा हा माणूस, पण लकवा झाला आणि डावा पाय लुळा पडला. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज सपाट जागेवर चाला, नाहीतर पाय कायमचा जाईल. गावातल्या गल्ल्या दगडधोंड्यांच्या. सपाट अशी मी एकटीच. त्यांची बायको आबिदा काखेत हात घालून त्यांना घेऊन यायची. पहिल्या दिवशी जेमतेम दहा पावलं झाली. मग ओढ्यावरची पहिली मोरी आली, मग दुसरी. पाय मात्र माझ्यावर घासतच यायचा, खर्र, खर्र.

"ज्या दिवशी धरणाच्या भिंतीले हात लावीन न, त्या दिवशी मशीन उघडीन," ते म्हणायचे. आबिदा तोंड फिरवून डोळे पुसायची.

मार्चमधल्या एका सकाळी ते आबिदाला म्हणाले, "आज तू नको येऊ. एकटाच जातो, काठी हाये न." ती गावाच्या टोकाला उभी राहून ते वळणाआड होईपर्यंत बघत राहिली. माझाच जीव टांगणीला लागला होता, तिचं काय झालं असेल!

त्याच सकाळी वळणाजवळ गावातल्या आशाबाई आपल्या मोहाच्या झाडाखाली आल्या होत्या. मोहाची फुलं पहाटे गळतात. खाली पाचोळा असला की ती वेचता येत नाहीत, म्हणून आमच्याकडे झाडाखालचा पाचोळा पेटवून जागा साफ करतात. मात्र आधी चहूबाजूंनी जमीन झाडून रिंगण करायचं, हा नियम. आशाबाईंनी तीन बाजू झाडल्या. चौथ्या बाजूला मी होते.

"इकडून कायले झाडू? डांबर हाये न. आग डांबर थोडीच खाते!" असं म्हणून त्यांनी काडी ओढली.

त्यांचं चुकलं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? माझ्यावर त्यांचा भरवसा होता. पण माझ्यावर घोट्याएवढा पाचोळा साचला होता, आणि त्या दिवशी वारा सुटला होता. बघता बघता आग माझ्या अंगावरून पलीकडे गेली आणि माझ्याच लांबीने धरणाकडे धावली. पुढे गफ्फारभाई होते. त्यांना पळता येत नव्हतं. मी ओरडले असते हो, पण वाटेला तोंड कुठे असतं?

आशाबाईंना ते दिसले. पळसाची हिरवी फांदी तोडून आग झोडपत त्या धावत सुटल्या आणि ओरडल्या, "गफ्फारभाऊ, पळू नका! पानं सरकवा! पायानं सरकवा, खाली डांबर हाये!"

गफ्फारभाईंनी काठीने पानं लोटली. हातातून काठी सुटली, तेव्हा घासणाऱ्या त्या डाव्या पायाने लोटली. खर्र, खर्र, खर्र. खाली मी उघडी होत गेले. खोलीएवढी जागा मोकळी झाली. सोबतच्या बाटलीतलं पाणी खांद्यावरच्या दुपट्ट्यावर ओतून त्यांनी तो तोंडाला बांधला आणि ते मधोमध बसले. आग गुडघ्याएवढी होऊन आली, कडेला पोचली, पण खायला काही नव्हतं. दोन्ही बाजूंनी निघून गेली. पुढे इतर मोहाखालच्या बायकांनी तिला झोडपून विझवलं.

धुरातून आशाबाई आल्या. "भाऊ, माह्याच हातानं झालं हे. मले मारा, पण बोला काहीतरी!"

गफ्फारभाई खूप वेळ खोकले. मग म्हणाले, "मारू कशानं, बाई? काठी त जळली."

आशाबाई हसल्या आणि लगेच ढसाढसा रडल्या. तेवढ्यात आबिदा अनवाणी धावत आली. "अजी, होश हाये का नाई तुमाले? चला, घरी चला!"

"घर मांगं हाये, धरण समोर हाये. वापसच जायचं होतं त निघालो काऊन होतो?"

असे ते तिघं निघाले, एका खांद्याला आबिदा, दुसऱ्या खांद्याला आशाबाई. धरणाची भिंत आली तेव्हा त्यांनी दोघींचे हात सोडवले, शेवटची चार पावलं एकट्याने टाकली आणि भिंतीवर दोन्ही पंजे टेकले. हुश्श! माझ्या अंगावर फोड आले होते, पण इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. पुढच्या बाजाराला त्यांचं शिवणयंत्र मांडलेलं होतं म्हणे.

आता दर फागुनात गावातल्या बायका मला झाडतात. खराटा पहिला आशाबाईंचा असतो.

मित्रांनो, मला नवं डांबर दिलंत तर आनंदच आहे, नाही दिलंत तरी माझी तक्रार नाही. एवढंच सांगते, ज्याच्या भरवशावर काडी ओढता, त्याच्या अंगावरचा पाचोळा आधी झाडा. मला आग अडवता येते. फक्त मला उघडी राहू द्या.