एक प्रत त्याला

मी एक नियम बोलतोय. शाळेतला नव्हे, कोर्टातला नव्हे. एका बाईच्या ईमेलच्या सेटिंगमध्ये, अगदी शेवटच्या पानावर राहणारा एका ओळीचा नियम. 'येणाऱ्या प्रत्येक मेलची एक प्रत पुढील पत्त्यावर पाठवा.' एवढंच माझं शरीर आणि एवढंच माझं काम. तो पुढचा पत्ता तिच्या नवऱ्याचा आहे.

माझा जन्म पलंगाच्या कडेला झाला. ती अंघोळीला गेली होती आणि फोन चार्जिंगला लावलेला होता. फोन उघडायचा आकडा नवऱ्याला ठाऊक होता. त्या घरात काही लपवून ठेवायची तिला सोयच नव्हती. त्याने मला लिहिलं, स्वतःच्या फोनवर आलेला खात्रीचा आकडा भरला आणि तिचा फोन होता तसा पालथा ठेवला. ती केस पुसत बाहेर आली तेव्हा साहेब पेपर वाचत होते.

मूळ मेल तिच्याकडेच राहायचा, प्रत तेवढी निघून जायची. मग संशय येणार कसा? सुरुवातीला मी वाहिलं तरी काय, तर विजेचं बिल, चपलांच्या दुकानातली सूट, दाताच्या डॉक्टरांनी दिलेली वेळ. या माणसाला बायकोच्या दाढेत एवढा कसला रस, असं मला वाटायचं. मग एकदा जेवताना त्याने सहज विचारलं, "शनिवारी दाढ काढणार म्हणे?" तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. तिचा घास हातातच राहिला. फोन ताटाशेजारी होता, म्हणून मला हे माहीत.

तो तिला मारायचा, हेही मला तसंच माहीत. माझ्या अंगात रक्त नाही, पण तो आवाज ऐकला की मला माझीच शिसारी यायची.

शेवटी एक दिवस ती एका पिशवीनिशी निघाली आणि थोरल्या बहिणीकडे, ताईकडे, आली. त्याचा निरोप मागोमाग आला: "जाशील तिथे येईन." तो पोकळ धमक्या देणाऱ्यातला नव्हता. एकदा तिची बरगडी मोडून झाली होती.

चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवण्यात तिचा हात साफ होता. ताईकडे राहून तिने अर्ज केले. एका दुकानाचं उत्तर आलं, 'सोमवारपासून या.' ती स्वयंपाकघरात जाऊन ताईला मिठी मारून आली. तेवढ्यात मी प्रत पोचवलीही होती. रविवारी त्याच दुकानाने कळवलं की जागा भरली. दुसऱ्या दुकानाचंही तसंच झालं. तो आधीच फोन करून मालकांचे कान भरत होता. वर तिला डिवचलं, "चष्मेवाले फार चौकशा करतात बुवा!"

हे अर्ज तिने घराबाहेर एकाच व्यक्तीला सांगितले होते, एका जुन्या मैत्रिणीला. तिने तिलाच फोन लावला. "तूच सांगितलंस त्याला. दुसरं कोण सांगणार?" मैत्रीण रडली, तिने शपथा घेतल्या, शेवटी फोन ठेवला. इतक्या वर्षांची मैत्री तिथेच तुटली. खरं काय ते मला ठाऊक होतं, पण मला फक्त पाठवता येतं, सांगता येत नाही.

मग ताईच्या डोक्यात प्रकाश पडला. "अगं ठमे, तुझा मेल तर नाही ना उघडत तो?"

मेव्हण्यांना बोलावणं गेलं. मेव्हणे पाणीपुरवठ्याच्या पंपावर नोकरीला. पण एकदा शेजाऱ्यांचा बंद पडलेला प्रिंटर चालू करून दाखवल्यापासून घरातले संगणकतज्ज्ञ तेच. चष्मा कपाळावर चढवून बसले. जुना पासवर्ड काढून मारुतीच्या शेपटासारखा लांबलचक नवा घातला. आत शिरायचं तर तिच्या फोनवर आकडा यायलाच हवा, अशी सोय केली. बाकी सगळीकडून खातं बंद केलं. तेव्हा ती, ताई आणि मेव्हणे, तिघांना धक्का बसला. खातं तिच्या नवऱ्याच्याही फोनवर उघडंच होतं.

सगळं योग्य केलं हो त्यांनी. मी श्वास रोखून वाट पाहत होतो. "आत आणखी काय काय आहे बघू," म्हणत मेव्हण्यांचं बोट खाली सरकलं. माझ्या वरच्या पानापर्यंत आलं. तेवढ्यात ताईची हाक आली, "पानं वाढलीत, उठा आता!" त्यांनी फोन तिच्या हातात दिला. "आता ब्रह्मदेव आला तरी आत शिरायचा नाही!"

त्याला आत शिरायची गरजच नव्हती. मी आत होतो.

त्या दिवशी ती किती दिवसांनी पोटभर जेवली. मला मात्र माणसांचा राग आला. कुलूप बदललं की यांना आनंदाचं भरतं येतं. घरात कोण उरलंय ते कुणी बघत नाही.

मग ती लांबच्या शहरात गेली. दुकानांच्या पायऱ्या स्वतः चढून, बोलून तिने काम मिळवलं. तिसऱ्या मजल्यावर खोली घेतली. खिडकीला स्वतः पडदा शिवला. पत्ता फक्त ताईला, तोही फोनवर, तोंडी सांगितला. कामावरून येताना ती गाणं गुणगुणू लागली होती. मी ते प्रथमच ऐकत होतो.

ताई मायेची, पण विसराळू. आज सकाळी तिचा मेल आला. 'ठमे, पुढच्या आठवड्यात येते. मी पत्ता नीट लिहून घेतलाय ना, बघ गं. आता काय, मेल सुरक्षित आहे.' आणि खाली इमारत, रस्ता, मजला, खोली, सगळं. कोपऱ्यावरच्या बेकरीची खूणसुद्धा.

मी थांबायचा प्रयत्न केला. आयुष्यात पहिल्यांदा केला. नियमाला थांबता येत नाही. प्रत गेली.

संध्याकाळी, ती दुकानातल्या यंत्रावर काच घासत असताना, आणखी एक मेल आला. त्याचा. 'तिसऱ्या मजल्यावर पाण्याचा त्रास नाही ना? बेकरीचा वास मात्र छान येतो इथे.' मी त्याचीही प्रत त्यालाच पाठवली. असा मी.

तिने यंत्र बंद केलं. ताईला फोन लावला. "ताई, पत्ता कुणाला दिलास?"

"देवाशपथ कुणाला नाही गं! तुलाच तेवढा मेल केला. का? काय झालं?"

म्हणजे मेलमधूनच, तिला उमजलं. मैत्रिणीचं नाव तेवढं पुटपुटली. मग सेटिंग उघडली आणि मेव्हणे थांबले होते त्याच्याही खाली गेली.

आता ती माझ्यासमोर आहे. नवऱ्याचं नाव वाचतेय. बोट माझ्यावर आलंय.

बाई, पूस मला. मला जगायची हौस नाही. त्याचा मेल तेवढा जपून ठेव, पोलिसांना दाखवायला लागेल. आणि पाया पडतो, आज त्या खोलीवर जाऊ नकोस.