मांडवातला चंद्र

डोंबिवलीच्या खाडीकाठच्या त्या आगरी गावात आवडाबाईच्या धवल्यांशिवाय, तिच्या लग्नगाण्यांशिवाय, लग्न लागत नसे. भट आला तरी बाजूला गप्प उभा राही. हळद कुणी लावायची, तांदूळ कधी टाकायचे, हे ही धवलारीण गाऊन सांगे आणि तसंच होई. तेव्हा तिच्या तोंडावरचे देवीचे वण कुणाला दिसत नसत.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि आवडाबाई उभी राहिली. तिला करून घ्यायचं होतं एकच काम. खाडीचा बांध खेकड्यांनी पोखरला होता. एखाद्या उधाणाला तो फुटला, की खारं पाणी भातात शिरणार, आणि मग त्या मातीत वर्षानुवर्षं दाणा धरणार नाही. बांधाला लागून पहिली शेतं तिची आणि शेजारच्या गोदाची.

समोर उभा होता दौलत. गोरा, उंच, मिशी कोरलेली. बांधावर तो कधी उतरला नव्हता. पण पांढरी टोपी घालून पारावर बसला, की बायका हंडे घेऊन मुद्दाम लांबच्या वाटेने जात.

"आवडाबाय, तू आमची मायच गो," विहिरीवर हौसाबाई म्हणाली. "पन उद्या मामलेदार आला, तर त्याच्या म्होरं तू बसशील?"

"बसन की. मी काय त्याला खानार हाय?"

"तू नाय खानार, पन तोच तुला बघून पलंल!"

बायका खदखदून हसल्या. आवडाबाईही हसली, पण तिचा पदर आपसूक गालावर आला.

"गोदे, तू तरी?"

"तुज्याच पेटीत टाकीन. इचारतंस काय?"

मतदानाला शाळेत पडद्याआड दोन पेट्या ठेवल्या होत्या. हिच्या पेटीवर दिवा, त्याच्या पेटीवर घोडा. नवरे बाहेर राहिले. आत एकेक बाई एकटीच गेली. आवडाबाईला वाटलं, आता कुणाची भीती नाही.

दिव्याच्या पेटीत मूठभर कागद निघाले.

दिवेलागणीला गोदा येऊन ओट्यावर बसली. "माजा कागद तुज्या पेटीत नाय पडला गो," ती म्हणाली.

"आत तुला कोन बघत होता गो?" आवडाबाईने विचारलं.

"कोन नाय. तुज्याच पेटीवर हात नेलेला. तवर घोडा दिसला, न् दौलतचा लगीन डोल्याम्होरं आला. तूच नाय का गायलीस?" गोदाने हलकेच सूर धरला:

नवरा आला मांडवाच्या दारी गो
चंद्र उतरला खाडीच्या पारी

"चंद्राला कसा नाय म्हनू, बाय?"

ती ओळ आवडाबाईने तिरळ्यालाही गायली होती, टकल्यालाही. दौलतला ती शोभली, एवढंच. आणि नवरीला? नवरीला ती गायची, मान खाली घाल, पाऊल हळू टाक. गावातल्या सगळ्या बायका तिच्याच गाण्यावर मान खाली घालून मांडवात आल्या होत्या.

भादव्याच्या उधाणात बांध फुटला. दौलत कोरड्या जागी उभा राहून म्हणाला, "वर अर्ज धाडलाय." छातीभर पाण्यात मातीची टोपली झेलता झेलता कुणीतरी म्हणालंच, "पन उभा कसा राहतो बघ, राजावानी!"

माघात गोदाच्या मुलीचं लग्न निघालं. नवरा काळा, दात पुढे आलेले. पण परगावाहून येऊन तो बांध बुजवायला चिखलात उतरला होता. आवडाबाईला यंदा त्याचे हात गायचे होते. जात्यावर बसून तिने नवी ओळ जुळवली होती.

नवरा मांडवाच्या दारी आला. तिने सूर लावला, "हात याचे..."

"चंद्र म्हन गो," गोदा कानाशी कुजबुजली. "व्याही ऐकतान."

आवडाबाई क्षणभर थांबली. तेवढ्यात मागच्या बायकांनीच ओळ उचलली, तिच्यावाचून, तिच्याच चालीवर. चंद्र उतरला खाडीच्या पारी. कोवळ्या पोरीही गात होत्या, नवऱ्याकडे चोरून बघत हसत होत्या.

मग तिनेही आवाज मिसळला. मांडवाच्या खांबापलीकडे तिचं शेत दिसत होतं, उन्हात मिठाने पांढरंफेक पडलेलं.