म्हशीच्या गळ्यातला बिल्ला

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या सोसायटीनं नांदूरघाटला गुरांची छावणी काढली. आपलं जनावर ओळखू यावं म्हणून ज्यानं त्यानं गळ्यात खूण बांधायची होती. कुणी चिंध्या बांधल्या, कुणी डब्यांची झाकणं. मी आमच्या म्हशीला ह्यांचा हवाई दलातला बिल्ला बांधला. त्यावर नंबर, नाव, रक्तगट, सगळं इंग्रजीत कोरलेलं. चिंधी माझ्याकडंही होती; पण चिंधी बघून कुणी विचारलं नसतं, बाई, तुमचे मालक कोण?

हे आदल्या सालची लढाई करून, नोकरीची मुदत भरून घरी आले होते. तिकडं काय केलं ते सांगत नसत, म्हणून मीच गावभर, छावणीभर सांगे. आधी त्यांना विमानात बसवलं, मग बॉम्बही टाकायला लावले.

महिन्याभरानं म्हैस आणायला गेलो, तर केजकडचा बंकट तिचं दावं धरून उभा. "ही माझी हाय." उपासानं सगळ्या म्हशी सारख्याच दिसत होत्या. आमचं घर त्या एकीच्या दुधावर होतं.

सेक्रेटरी मन्मथप्पांनी बिल्ला वाचला आणि ह्यांना विचारलं, "कल्याणराव, रक्तगट बी हाय इथं. तुमचा का म्हशीचा?"

"आप्पा, असले बिल्ले भंगारात लई मिळतात, वर नाव बी कोरून देतात," बंकट म्हणाला. "विमान चालवणारा आपला बिल्ला म्हशीला बांधील का?"

लोकांनी माना डोलावल्या. माझ्याच थापा त्याच्या बाजूनं साक्ष देत होत्या.

ह्यांनी टाचा जुळवल्या आणि नंबर घडाघडा म्हटला. आप्पांनी बोट ठेवून ताडून बघितला. बरोबर होता.

"पाठ केला आसंल," बंकट म्हणाला. "विमान कोणतं चालवत होता, ते सांगा."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हशीच्या खुरांकडं.

"चालवत न्हवतो. चाकांत हवा भरायचो. आधी आग्र्याला, मग पठाणकोटला. लढाईत बी तेच."

बंकटनं दावं सोडलं. "आसं बोला की! हवा भरणारा बांधील."

सगळी छावणी हसली. शेजारची छबुबाई सगळ्यात मोठ्यानं. "अगं महादेवी, मग बॉम्ब कुणी टाकले?"

"मीच," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून पंक्चर झालेल्या सायकली आमच्या दारात येऊ लागल्या. गप्प राहणारे हे, ट्यूब घासता घासता लढाईच्या गोष्टी सांगू लागले. पण पंक्चर शोधायला घमेलंभर पाणी लागतं, आणि त्या साली ते पाणी रांगेत उभं राहून आणायचं कुणी? वैमानिकाच्या बायकोनं.