हेबलसाइक, एच लावून

एनॉस हेबलसाइकला आईशेजारी पुरलं नाही. त्याला खाली, सांडपाण्याच्या केंद्रामागे नगरपालिकेची दफनभूमी आहे तिथे पुरलं, आणि तेसुद्धा एबलसाइकांच्या रांगेत.

पण असं काही झालंच नाही असं आपण धरून चालू. त्याची बहीण थर्झा तसंच धरून चालली होती, आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईशी वाद घालणारे आपण कोण?

तर सोमवार. एनॉस शुक्रवारी गेला होता, मागच्या खोलीतल्या नकाशासमोर, तोंडात टाचणी धरून. डॉक्टरांनी कारण हृदय असं लिहिलं आणि टाचणी काढून बशीत ठेवली. सोमवारी सकाळी नॉरिस एबलसाइक माप घेऊन कागदपत्रं करायला आला. ऑक्सनक्लफच्या अख्ख्या खोऱ्यात अंत्यविधीचं दुकान त्याचं एकट्याचं. मरणाऱ्याला निवड नव्हती.

"पाच फूट सात," फीत गुंडाळत नॉरिस म्हणाला. "जिवंतपणी उंच वाटायचा गं."

"तू समोर आलास की मान ताठ करायचा. म्हणून."

"पेटीवरच्या पट्टीवर नाव काय घालू?"

"काय घालू म्हणजे? एनॉस एबलसाइक."

"म्हणजे माझ्यासारखं?"

"तुझ्यासारखं कसं? एबलसाइक! 'हेच' लावून!"

इथे थोडं थांबायला हवं. या खोऱ्यात शब्दाच्या सुरुवातीचा ह कुणीच उच्चारत नाही. घोडा, घर, टोपी, नवरा, इंग्रजीत या सगळ्यांच्या तोंडी ह असतो आणि इथे तो सगळ्यांच्या बाबतीत गिळला जातो. त्यामुळे हेबलसाइक आणि एबलसाइक ही दोन घराणी दीडशे वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती, आणि बोलली असती तरी कोण कुठलं ते कानाला कळलं नसतं. भांडण फक्त कागदावर दिसायचं. गंमत म्हणजे एच या अक्षराचं नाव घेताना मात्र खोऱ्यातली माणसं न चुकता पुढे ह लावतात आणि 'हेच' म्हणतात. जिथे नको तिथे बरोबर सापडतो.

भांडण सुरू झालं ते एका थडग्याच्या दगडावरून. जेबेझ आणि एमॉस हे दोघे सख्खे भाऊ. बाप गेला, तेव्हा पाथरवटाला नाव सांगायचं काम एमॉसकडे आलं. त्याने तोंडाने सांगितलं, पाथरवटाने ऐकलं तसं कोरलं. दगड उभा राहिल्यावर जेबेझने बघितलं तर बापाच्या नावाचं पहिलं अक्षर गायब. तो म्हणाला, पाडा. एमॉस म्हणाला, बापाला चालतंय. त्यावर जेबेझने चर्चच्या आवारात वेगळी जागा घेतली आणि लेखी करून ठेवलं, की या जागेत फक्त हेबलसाइक आडनावाची, 'आणि ते याप्रमाणेच लिहिणारी' माणसं पुरली जातील. एमॉसने त्या दिवसापासून एच टाकून दिला.

आडनाव तरी कशावरून आलं? एनॉसने त्यावर बावीस पानी निबंध लिहिला होता. त्याचा सारांश असा, की हेबल म्हणजे ओढ्यावर आडवी टाकलेली फळी, आणि साइक म्हणजे ज्याला ओढा म्हणायलाही जीभ रेटत नाही असं गटार. गटारावरच्या फळीपाशी राहणारे ते हेबलसाइक. फळी सहाशे वर्षांपूर्वीच कुजली. गटार आता टायरच्या गोदामाखालून वाहतं. पण एनॉस ते आडनाव घेऊन अशा काही चालीने चालायचा, की बघणाऱ्याला वाटावं, गटार नॉर्मंडीहून राजाच्या सैन्याबरोबर आलंय.

एकतीस वर्षं त्याने जगातल्या एकूण एक हेबलसाइकांची नोंद ठेवली. १८८१ च्या जनगणनेत एकशे त्रेचाळीस. १९१६ च्या जुलैमधल्या एका सकाळी अकरा कमी झाले, सगळे महायुद्धात, एकाच तुकडीत. बाकीचे गिरण्या बंद पडल्यावर पांगले, किंवा मुलीच झाल्या म्हणून संपले. आता नकाशावर टाचण्या होत्या चार. दोन ऑक्सनक्लफमध्ये, एकाच स्वयंपाकघरात. एक न्यूझीलंडमधल्या वृद्धाश्रमात. ती बाई एनॉसला दूधवाला समजून दर पत्रात जास्तीची साय मागायची. चौथी टास्मानियात. ती सापडली तेव्हा एनॉस आठवडाभर शीळ घालत फिरत होता. पत्रावर पत्रं गेली, आणि मग उत्तर आलं की हेबलसाइक हा घोडा आहे.

टाचणी त्याने काढली नाही.

"स्पेलिंग बरोबर आहे," तो म्हणाला.

खाली बाजारात राहणारे सतरा एबलसाइक मात्र नकाशावर कधीच आले नाहीत.

आता चर्चच्या आवारातल्या त्या जागेत एकच माणूस मावेल एवढी जागा उरली होती, आईच्या डाव्या बाजूला. बहीणभावात ठरलं होतं की जो आधी जाईल त्याला ती मिळेल. एनॉसला दुसरं काही नकोच होतं. शेवटच्या हिवाळ्यात खोकत खोकत तो तिला दर रविवारी विचारायचा, "आईशेजारी ना?" आणि ती म्हणायची, "आईशेजारी. गप पड." तिने शब्द दिला होता.

"जन्मदाखला लागेल," नॉरिस म्हणाला. "आवार बंद झालंय ना नव्या मढ्यांना. जुन्या हक्काने आत घालायचं तर धर्मप्रांताच्या कचेरीला कागद दाखवावा लागतो."

"बिस्किटाच्या डब्यात असेल."

डबा खाली उतरला. आतल्या एका पाकिटाला चिकटपट्टीचे चार पट्टे लावलेले. थर्झाने ते सुरीने फोडलं, दाखला उलगडला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. मग तो नॉरिसच्या हातात दिला, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

नॉरिसने वाचला. त्याचे ओठ दोनदा हलले.

"अगं बाई," तो म्हणाला. "हा तर आमच्यातला."

एनॉस एबलसाइक. जन्म १९३८. नोंद करणाऱ्याचं नाव, वडील. वडील थेट गिरणीतून नोंदणी कचेरीत गेले होते आणि तोंडाने नाव सांगितलं होतं. कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं. दोन वर्षांनी थर्झा झाली, तेव्हा वडील आजारी होते म्हणून आई गेली. आई कचेरीत बोलताना रविवारचा, चर्चमधला, ह न गिळणारा आवाज लावायची. थर्झाला एच मिळाला.

"त्याला ठाऊक नसणार," नॉरिस समजुतीने म्हणाला.

थर्झा पाकिटावरचा शिक्का बघत होती. नक्कल एनॉसने स्वतः मागवलेली. तारीख मार्च १९८३. पहिली टाचणी त्याने मार्च १९८३ मध्येच लावली होती.

"चहा घे," ती म्हणाली. "आणि जा आता."

चर्चच्या धर्मगुरू रेव्हरंड हिलरी डॉन्सी दक्षिणेकडच्या. गावात आल्या त्या दिवसापासून त्या इलरी झाल्या होत्या. गुरुवारी त्या धर्मप्रांताचं पत्र घेऊन आल्या, सोबत केकही. केक बघूनच थर्झाला उत्तर कळलं.

"मिस हेबलसाइक, मी त्यांच्याशी दोनदा बोलले. ते म्हणतात, करारात 'याप्रमाणेच लिहिणारी' असं आहे."

"तो लिहायचाच की. आयुष्यभर 'हेच' लावून लिहायचा. भिंतभर लिहून ठेवलंय, चला बघायला."

"नोंदीत नाही ना पण."

"आणि घोडा चालला असता?"

"कुठला घोडा?"

"टास्मानियातला. त्याच्या नोंदीत 'हेच' अक्षर आहे."

रेव्हरंड डॉन्सींनी केकचा तुकडा बराच वेळ चावला. मग म्हणाल्या, "तुमचा हक्क मात्र पक्का आहे हं. ती जागा आता तुमचीच. तेवढं तरी चांगलं झालं."

थर्झाने त्यांना दारापर्यंत सोडलं आणि केक पक्ष्यांना टाकला.

शुक्रवारी ती नॉरिसच्या दुकानात गेली. मागच्या खोलीत पेटी ठेवली होती, झाकण उघडं. एनॉसच्या अंगात चांगला सूट होता आणि चेहऱ्यावर पत्राला उत्तर न आल्याचा भाव.

"बाहेर थांब जरा," ती नॉरिसला म्हणाली. तो बाहेर गेला आणि दाराला कान लावून उभा राहिला. धंद्यात चाळीस वर्षं काढली, तरी ही सवय गेली नव्हती.

"क्लिफर्ड सग्डन आठवतो?" थर्झाने भावाला विचारलं. "बस डेपोतला. मी चव्वेचाळीस वर्षांची होते. त्याने मला विचारलं आणि मी घरी येऊन तुला सांगितलं. तू काही बोलला नाहीस. उठलास, नकाशापाशी गेलास, आणि माझी टाचणी अर्धी बाहेर ओढलीस. अर्धी. आणि माझ्याकडे बघत राहिलास."

एनॉस आताही काही बोलला नाही.

"मी दुसऱ्या दिवशी डेपोत जाऊन नाही म्हणून आले. आडनाव संपेल म्हणून. तुझ्या खिशात तेव्हा हा दाखला होता. वर्षभर होता! संपणार होतं ते माझं होतं मेल्या, तुझं नव्हतंच. क्लिफर्डला तीन नातवंडं आहेत. एकीचं नाव थर्झा ठेवलंय, बायकोला काय कारण सांगितलं देव जाणे."

तिने त्याच्या कोटाची कॉलर नीट केली. नीट करता करता जरा जोरात ओढली. मग पुन्हा नीट केली.

बाहेर आली तेव्हा नॉरिस फुलांच्या कुंड्या मोजत असल्याचं दाखवत होता.

"खालच्या दफनभूमीत कुठली जागा देतायत?" तिने विचारलं.

"नगरपालिकेची म्हणशील तर कोपऱ्यातली. तिथे पाणी साचतं. मागच्या वर्षी बूथबाईला ठेवलं आणि ती दोनदा वर आली." नॉरिसने घसा खाकरला. "आमच्या रांगेत एक आहे रिकामी. आल्बर्टकाका आणि एडिथकाकूच्या मध्ये. कोरडी आहे. त्या दोघांच्यात कुणीतरी हवंच होतं म्हणा."

"तो तुमच्या दुकानासमोरून जाताना रस्ता बदलायचा."

"माहितीये. चाळीस वर्षं समोरच्या फुटपाथवरून एक टोपी आणि एक खांदा बघतोय मी." नॉरिस खाली बघत म्हणाला, "आता येऊ दे या बाजूला. कायदा काही का म्हणेना, फळी तीच ना गं आपली. आणि गटारही तेच."

मंगळवारी अकरा वाजता एनॉसला तिथे उतरवलं. म्हणजे जे झालंच नाही म्हणून सुरुवातीला ठरवलं होतं, ते मंगळवारी अकरा वाजता झालं. वारा सांडपाण्याच्या केंद्राकडून येत होता. सतराच्या सतरा एबलसाइक काळे कपडे घालून आले होते, कारण खोऱ्यात कुणी आपल्यात आलं की बघायला जायची पद्धत आहे. पेटी खाली जाताना थर्झाने पट्टी वाचली. हेबलसाइक. एच जरा मोठाच होता.

"मातीखाली कोण तपासायला येतंय," नॉरिस तिच्या कानात पुटपुटला.

पण वरचा दगड तपासला जाणार होता, आणि नगरपालिकेच्या वहीत नाव एचशिवाय चढलं होतं. चर्चच्या आवारात आईच्या डावीकडचं गवत तसंच होतं. घरी परतताना एका एबलसाइक म्हातारीने थर्झाचा हात धरून विचारलं, "आता एकटीच ना गं तू?" तिला म्हणायचं होतं घरात. थर्झा हो म्हणाली.

अंत्यविधीनंतरच्या चहाचे हॅम सँडविच, म्हणजे ॲम सँडविच, उरले. ते तिने तीन दिवस खाल्ले. चौथ्या दिवशी तिने मागच्या खोलीतलं एनॉसचं टेबल पुसलं, त्याचंच पेन घेतलं आणि आईचा रविवारचा आवाज मनात आणून लिहायला बसली.

प्रति,
मा. न्यायाधीश, धर्मप्रांताचे न्यायालय, यांस

विषय: एका अक्षराची बदली करणे व त्या अनुषंगाने एक मृत व्यक्ती वर हलविणे याबाबत.

महोदय,

अर्जदार थर्झा हेबलसाइक ही जन्मनोंद १९४० अन्वये एका एच या अक्षराची कायदेशीर धारक आहे. सदर अक्षर अर्जदाराने बोलताना एकदाही वापरलेले नसल्याने त्याची झीज झालेली नाही. अर्जदारास मूलबाळ नाही. न्यूझीलंड येथील धारक यांचे मागील महिन्यात निधन झाल्याचे पत्र काल आले आहे. टास्मानिया येथील धारकाने अर्ज करण्याची शक्यता नाही.

सबब विनंती, की सदर अक्षर अर्जदाराच्या नावावरून कमी करून तिचे बंधू कै. एनॉस यांच्या नावे चढवावे, अर्जदाराची नोंद यापुढे एबलसाइक अशी करावी, चर्चच्या आवारातील उर्वरित जागेवरील अर्जदाराचा हक्क रद्द समजावा, आणि कै. एनॉस यांना आल्बर्ट व एडिथ यांच्या मधून काढून आईच्या डाव्या बाजूस ठेवण्याची परवानगी द्यावी. अर्जदाराची सोय खाली, रिकाम्या होणाऱ्या त्याच जागी होऊ शकेल. ती कोरडी आहे.

तसेच ही बदली अर्जाच्या तारखेपासून न धरता मृताच्या जन्मतारखेपासून अमलात आणावी, ही नम्र विनंती.